बंधूंचा सेकंद

"अठरा!" बंधू गुरवांनी आवाज दिला.

उल्का विझून जेमतेम एक श्वास झाला होता. सड्याच्या उघड्या पठारावर, कातळावर सतरंजी अंथरून ते उताणे पडले होते, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली. शेजारी बसलेल्या शाल्मलीनं टॅबच्या मंद लाल पडद्यावर आकडा लिहिला. दोन सेकंदांत पुढच्या रकान्यात कॅमेऱ्यांचं उत्तर उमटलं: पंधरा पूर्णांक एक.

"काय म्हणतात तुझे पहारेकरी?"

"साधारण जुळतंय, बंधू."

"साधारण म्हणजे?"

"जुळतंय म्हणजे जुळतंय. वर बघा तुम्ही, नाहीतर पुढची सुटेल."

"माझी सुटत नाही. तुझ्या कॅमेऱ्यांचीच सुटते. मघाशी त्या उपग्रहांच्या माळेत आंधळे झाले होते की नाही?"

ते खरं होतं. २०३८ सालच्या डिसेंबरात मिथुन राशीतल्या उल्का पाहायच्या तर दर पाच-दहा मिनिटांनी उपग्रहांची एक रांग आकाश चिरत जायची. डोळा तिच्याकडे काणाडोळा करू शकतो, कॅमेऱ्याला ते शिकवावं लागतं. पण माणसांनी अजून उल्का पाहायच्या, याचं खरं कारण निराळं होतं. शंभर वर्षांच्या जुन्या नोंदी सगळ्या डोळ्यांनी केलेल्या होत्या. त्या कॅमेऱ्यांच्या नोंदींना जोडायच्या तर दोघांनी एकच उल्का पाहिलेली असावी लागते. त्यासाठी जगभर नऊ हजार माणसं अशी पाठीवर पडून आकडे ओरडत होती. राजापूरजवळच्या तळसुऱ्याच्या सड्यावरून बंधू.

उल्केचा भासमान वेग सांगायचा तो अंशांत, सेकंदाला इतके अंश असा. क्षितिजापासून माथ्यापर्यंत नव्वद अंश. हात लांब करून धरलेली मूठ दहा अंश, वीत वीस. एकाच वर्षावातल्या उल्का वातावरणात सारख्याच वेगानं शिरतात, पण दिसताना तशा दिसत नाहीत. ज्या बिंदूतून त्या आल्यासारख्या वाटतात त्याच्याजवळची उल्का जागच्या जागी पेटून विझते, कारण ती आपल्याच दिशेनं येत असते. लांबची, डोक्यावरून आडवी जाणारी सण्णकन निसटते. समोरून येणारी एसटी कितीतरी वेळ तिथंच वाटते आणि अंगावरून गेली की धूळसुद्धा उरत नाही, तसंच. म्हणून वेगाचा आकडा नीट कळला, की ही उल्का कुठल्या घराण्यातली ते सांगता येतं.

अडचण एवढीच, की उल्का अर्धा सेकंदही टिकत नाही. तेवढ्यात मोजणार काय? त्यावर बंधूंनी शाल्मलीला ती अकरा वर्षांची असताना युक्ती शिकवली होती. उल्का विझली तरी आपण थांबायचं नाही. मनात तिला तशीच पुढं पळू द्यायची, बरोबर एक सेकंद. ती जिथवर पोचेल तिथवर अंश मोजायचे.

आणि एक सेकंद म्हणजे किती, हे बंधूंना कुणी सांगावं लागत नव्हतं. दिवसा ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, पण गुरवांच्या घरातले. देवळातला मृदंग चार पिढ्या त्यांच्याच घराण्याच्या हातात. एका मात्रेला एक सेकंद, ही लय त्यांच्या अंगात होती.

*

शाल्मली पाष्टे पुण्यात एका संशोधन संस्थेत होती. एम.एस्सी. झाल्यावर तिनं निरीक्षकांच्या या जाळ्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता, त्याचं नाव तिनं 'जुळणी' ठेवलं होतं. कल्पना साधी होती. माणूस चुकतो, पण आपापल्या ठरावीक रीतीनं चुकतो. एखादा पंधराच्या जागी नेहमी वीस म्हणतो, दुसरा नेहमी बारा. कॅमेऱ्यांशी ताडून प्रत्येकाचा एक गुणक काढायचा, त्यानं त्याच्या आकड्याला भागायचं, की उत्तर बरोबर. गुणक दर महिन्याला आपोआप नवा निघायचा. तो कुणाला दिसायचं कारण नव्हतं. निरीक्षक उगाच खट्टू होतात, म्हणून शाल्मलीनंच तो पडद्याआड ठेवला होता.

जानेवारीत तळसुऱ्यात बंधूंचा सत्कार करायचा होता. चाळीस वर्षं निरीक्षण केलं म्हणून. फलकावर छापायला त्यांच्या अचूकतेचा आलेख असावा, असं तिच्या मनात आलं. जुळणीच्या शेवटच्या यादीत बंधू जगात पहिल्या वीसांत होते, म्हणजे आलेख सरळ आडव्या रेघेचा येणार. पण तो काढायला तिनं भागाकाराआधीचे, मूळ आकडे उघडले.

रेघ आडवी नव्हती. २०३४पर्यंत गुणक एकाला चिकटून होता. मग एक पूर्णांक शून्य चार. पुढच्या वर्षी शून्य नऊ. मग चौदा. या डिसेंबरात एकोणीस.

आधी तिला वाटलं, डोळे. पण अंधुक उल्का बंधूंना अजून तेवढ्याच दिसत होत्या. मग वाटलं, अंशांचा अंदाज चुकतोय. तिनं उल्केच्या वाटेची लांबी वेगळी काढून पाहिली. लांबी बिनचूक होती.

उरला सेकंद.

मनातला सेकंद लांबला, तर मनात पळणारी उल्का लांबवर पोचणार, आणि पंधराची अठरा होणार. बंधूंच्या सेकंदाला आता खऱ्या घड्याळाचे एक पूर्णांक एकोणीस सेकंद लागत होते.

हे शाल्मलीनं कुठंतरी वाचलं होतं. मेंदूतल्या ज्या पेशी डोपामिन तयार करतात, त्यांच्यावर आपली हालचाल चालते आणि आतलं घड्याळही. त्या पेशी मरू लागल्या की घड्याळ मंद होतं. हात थरथरायला लागतात ते फार उशिरा, निम्म्याहून जास्त पेशी गेल्यावर. तेव्हा लोक त्याला कंपवात म्हणतात. आता दर महिन्याला टोचायचं एक औषध निघालं होतं. गेलेल्या पेशी ते परत आणत नव्हतं, पण उरलेल्या राखत होतं. म्हणून ते लवकर सुरू करण्यात अर्थ होता.

तिनं नऊ हजार निरीक्षकांचे गुणक काढले. बहुतेकांचे वरखाली डुलत होते. बंधूंसारखी चढती रेघ आणखी बारा जणांची होती. त्यांतल्या स्लोवाकियातल्या एका बाईंनी दोन वर्षांपूर्वी निरीक्षण थांबवलं होतं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: कंपवात. त्यांची रेघ त्याआधी चार वर्षं चढत होती.

एका उदाहरणानं काही सिद्ध होत नाही, हे शाल्मलीला कुणी शिकवायला नको होतं. आणि नोंदणीच्या अर्जावर एक वाक्य होतं: 'तुमची माहिती फक्त उल्कांच्या अभ्यासासाठी वापरली जाईल.' ते तिनंच लिहिलं होतं. तिनं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला. मग शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं.

*

शनिवारी संध्याकाळी देवळात भजन होतं. बंधू मृदंगावर. शाल्मली खांबाशी टेकून बसली आणि प्रथमच नुसती ऐकत न बसता ताल मोजत बसली. अभंग चढत गेला, की बुवा पुढं जायला बघत आणि मग काहीतरी आठवल्यासारखे थबकत. झांजा क्षणभर अधांतरी राहत, मग मृदंगावर येऊन पडत.

भजन संपल्यावर तिनं झांजवाल्या दिनू मेस्त्रीला पायरीवर गाठलं.

"दिनूदादा, मृदंग मागं पडतो का रे?"

दिनूनं आधी आत पाहिलं. बंधू मृदंगाला गवसणी घालत होते.

"हळू बोल की. पडतो. तीन वर्षं झाली असतील. आम्ही पण मग मागं राहतो. बुवांना सांगून ठेवलंय, ताना आखडत्या घ्या."

"त्यांना सांगितलं नाहीस?"

"मी? माझ्या हातात झांज त्यांनी दिली. बोट धरून ताल शिकवला. त्या माणसाला मी सांगू, तुमचा हात गेला म्हणून? सांभाळून घ्यायचं गो. देवाच्या दारात काय कुणी परीक्षा घेत नाही."

सकाळी ती बंधूंच्या घरी गेली. ते आंघोळीला गेले होते. त्यांच्या पत्नी, काकू, पडवीत बसून त्यांच्या सदऱ्याची बटणं उसवत होत्या आणि त्या जागी टिचबटणं लावत होत्या.

"हे काय काकू?"

"बटणं लावताना चिडतात. काजात जात नाहीत म्हणे. माझीच काजं लहान झाली म्हणून मला बोलतात. मग म्हटलं, नकोच ती कटकट." काकूंनी दातानं दोरा तोडला. "त्यांना म्हटलंय, हल्ली असलीच फॅशन आहे."

दिनू मागं राहत होता, काकू टिचबटणं लावत होत्या आणि तिचा प्रोग्राम एक पूर्णांक एकोणीसनं भागत होता. तिघांनीही ते मायेनंच केलं होतं.

*

"बंधू, मला एक कबूल करायचंय."

"लग्न ठरवलंस?"

"नाही हो. डिसेंबरात तुम्ही अठरा म्हणालात ना, ती पंधराची होती."

बंधूंनी चहाची बशी खाली ठेवली. "एखादी चुकते."

"सगळ्या. गेली चार वर्षं. आणि दर वर्षी थोड्या जास्त."

"डोळे तपासलेत मी. मोतीबिंदूसुद्धा नाही."

"डोळे चांगलेच आहेत. अंशही बरोबर सांगता. सेकंद चुकतोय."

"माझा?" बंधू हसले. आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाले, "ऐकलंस का गो? पोरगी म्हणते गुरवाचा सेकंद चुकला!" आत कात्रीचा आवाज थांबला. मग त्यांचं हसू ओसरलं. ते उठले आणि मृदंग घेऊन आले. "मोबाइलचं घड्याळ लाव. मला दाखवू नकोस. साठ मात्रा वाजवतो. काय ते होऊन जाऊ दे."

ते वाजवू लागले. एकेक थाप सुटी, भरीव, कुठंही धसमुसळेपणा नाही. शाल्मली मनात मात्रा मोजत होती आणि डोळ्यांनी घड्याळ बघत होती. पन्नास मात्रा झाल्या तेव्हा घड्याळात साठ उलटत होते. ती हलली नाही. बंधूंनी शेवटची थाप दिली. "साठ."

"एकाहत्तर सेकंद."

"पुन्हा."

दुसऱ्यांदा बहात्तर आले. काकू दारात येऊन उभ्या होत्या, हातात सदरा तसाच.

बंधूंनी मृदंगाच्या शाईवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दिनूला ठाऊक होतं?"

"हो."

"बुवांना?"

"हो."

"म्हणजे देवळात सगळा गाव तीन वर्षं माझ्यासाठी हळू गातोय." त्यांनी काकूंच्या हातातल्या सदऱ्याकडे पाहिलं. काकूंनी तो पाठीमागं नेला. "आणि तू? मी तुला त्या रात्री सरळ विचारलं. काय म्हणालीस?"

"जुळतंय म्हणाले."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"तू अकरा वर्षांची होतीस. शुक्राला उल्का म्हणालीस. मी चार पोरांदेखत सांगितलं, चूक. वाईट वाटलं होतं?"

"रडले होते."

"मग? निरीक्षण सोडलंस?"

शाल्मलीनं नकारार्थी मान हलवली. मग तिनं बाकीचंही सांगितलं: डोपामिन, ती स्लोवाकियातली बाई, ते औषध, कोल्हापूरचे एक डॉक्टर. आपण डॉक्टर नाही, हे दोनदा सांगितलं.

"खात्री किती?"

"शंभरात साठ. तपासल्याशिवाय जास्त म्हणता येणार नाही."

"हं," बंधू म्हणाले आणि मृदंग उचलून आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत. ती निघाली तेव्हाही नाही.

पुण्यात पोचून तिनं तीनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. सत्कार त्यांनी कळवून रद्द केला. शाल्मलीनं ठरवून टाकलं, की चाळीस वर्षांच्या निरीक्षकाची आणि आपली गाठ आता संपली. तरीही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मात्र एकदाही वाटलं नाही. याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

बाराव्या दिवशी काकूंचा फोन आला.

"कोल्हापूरच्या गाड्या कधी आहेत म्हणून विचारतायत. तू सांगितलेल्या डॉक्टरकडे जायचंय. आणि ऐक, ते दिनूशी भांडले. देवळात, सगळ्यांसमोर. आता दिनू प्रत्येक अभंगाला मोठ्यानं सांगतो, बंधू, मागं पडलात. बुवांना हसू आवरत नाही."

*

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बंधूंना चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली. मग विचारलं, "वास येतात का?"

"येतात की."

"कसले येतात?" काकू मध्येच म्हणाल्या. "परवा फोडणी करपून घरभर धूर झाला, हे शेजारी बसून पेपर वाचत होते."

मेंदूचं चित्र निघालं. निदान तेच होतं, पण अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरचं. डॉक्टर चित्राकडे पुन्हा पुन्हा बघत होते. अशा वेळी पेशंट आपल्याकडे येतच नाही, म्हणाले. बंधूंना पाठवलं कुणी? "उल्कांनी," बंधू म्हणाले. डॉक्टरांना ती थट्टा वाटली.

फेब्रुवारीत पहिलं इंजेक्शन झालं. त्याच संध्याकाळी बंधूंनी शाल्मलीला फोन केला. जानेवारीनंतरचा पहिलाच.

"तुझा तो भागाकार बंद कर. माझ्यापुरता."

"मग तुमचे आकडे यादीत शेवटी जातील, बंधू."

"जाऊ देत. भाग देत बसलीस तर औषध चालतंय की नाही, ते मला कळणार कसं? डॉक्टर सहा महिन्यांनी बघणार. माझ्याकडे रोज रात्री आकाश आहे."

तेव्हापासून सड्यावरून मूळ आकडे येऊ लागले आणि शाल्मली प्रत्येकासमोर कॅमेऱ्याचा आकडा लिहून पाठवू लागली. फेब्रुवारीत गुणक एक पूर्णांक वीस. मार्चमध्ये वीस. एप्रिलच्या, स्वरमंडळ या तारकासमूहातल्या उल्का चपळ, त्यांतही वीस. मे महिन्यात एकोणीस. रेघ खाली आली नव्हती, पण चार वर्षं चढत असलेली रेघ आडवी झाली होती. चार महिने म्हणजे काही फार नाही, असं शाल्मलीनं त्यांना बजावलं. "मला सांगतेस?" बंधू म्हणाले. "पण चार बिंदू तर पडले. पाचवा, पाऊस उघडल्यावर."

*

बारा जणांतली ती बाई वगळली तर अकरा उरत होते. शाल्मलीनं त्यांचा प्रश्न निरीक्षकांच्या जाळ्याच्या समितीपुढे ठेवला होता. माहिती उल्कांसाठी घेतली, ती आजारासाठी वाचायची का, यावर तीन महिने वाद झाला. शेवटी ठरलं, की कुणालाही आकडा कळवायचा नाही, फक्त हवा आहे का हे पत्रानं विचारायचं. समितीनं मसुदा पाठवला. मेच्या शेवटी शाल्मली तो घेऊन तळसुऱ्याला आली आणि पडवीत बसून बंधूंना मराठीत सांगू लागली.

"पुरे," दुसऱ्याच परिच्छेदाला ते म्हणाले. "हे पत्र घरात आलं तर मी विजेचं बिल समजून बाजूला ठेवीन. निरीक्षकाचं पत्र निरीक्षकानं लिहायचं. घे लिहून."

तिनं कागद ओढला. बंधू थांबून थांबून सांगत गेले.

"'मी चाळीस वर्षं उल्का पाहतो. माझा अंदाज चुकत होता आणि यंत्र ती चूक पुसत होतं. माझ्या माणसांनीही पुसली, प्रेमानं. एका मुलीनं ती मला दाखवली, म्हणून मी वेळेवर डॉक्टरकडे गेलो. तुमचीही चूक अशी पुसली जात असावी. तिचं कारण साधंही असेल. आकडा तुमचा आहे. हवा असेल तर मागा, लगेच मिळेल. नको असेल तर पुन्हा कुणी विचारणार नाही. आकाश निरभ्र असो.' झालं."

"समितीला दाखवावं लागेल."

"दाखव. एक शब्द बदलला तर सही मागे घेईन म्हणून सांग."

समितीनं एकही शब्द बदलला नाही. चार दिवसांत प्रत्येकाच्या भाषेतलं पत्र तयार झालं. काकूंनी अकरा कागद पाटावर नीट लावून ठेवले. सही एकदाच करा, बाकीच्यांवर छापून घेऊ, असं शाल्मली म्हणाली. बंधूंनी ते ऐकलंच नाही. पेन घेतलं आणि पहिल्या कागदावर सही केली.

शाल्मलीनं कागद उचलला. 'बंधू' ठसठशीत आलं होतं. मग अक्षरं आखडत गेली होती, आणि 'गुरव'मधला शेवटचा 'व' मुंगीएवढा उरला होता. काकूंनीही वाकून पाहिलं आणि तिच्याकडे बघून हळूच मान हलवली, सांगू नकोस म्हणून.

"बंधू," शाल्मली म्हणाली, "सही लहान लहान होत गेलीय."

त्यांनी चष्मा सारखा करून पाहिलं.

"खरंच गो," ते म्हणाले. "राहू दे तशीच. त्यांच्यापैकी कुणाची सही अशीच आखडत असेल, तर मजकुराच्या आधी त्याला हीच खूण कळेल."

आणि त्यांनी दुसरा कागद पुढं ओढला.